प्रोसेसर बदलताना जुन्या-नव्या तापमानाची तुलना कशी करावी

नवा प्रोसेसर बसवल्यावर त्याच कामात पूर्वीच्या ६८ अंशांऐवजी ९० अंश दिसू लागले, की पहिला संशय कूलरवर किंवा त्याच्या नि प्रोसेसरच्या मध्ये लावलेल्या थर्मल पेस्टवर जातो. तो कधीकधी खराही असतो. परंतु दोन निरनिराळ्या प्रोसेसरांचे आकडे नुसते शेजारी ठेवून त्याविषयी काहीच ठरवता येत नाही.

प्रत्येक प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा वेगळी असते आणि ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर दिलेली असते. इंटेलच्या कोअर आय९-१२९००केसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्ससाठी ९५, तर रायझन ७ ७८००एक्स३डीसाठी ८९. त्यामुळे ८५ अंश हा आकडा पहिल्या प्रोसेसरला १५ अंशांची मोकळीक देतो आणि शेवटच्याला केवळ चार. शिवाय ७९५०एक्सची रचनाच अशी आहे, की पूर्ण भाराखाली तो उपलब्ध कूलिंग वापरत ९५ अंशांपर्यंत जातो आणि तेथेच राहून वेग सांभाळतो. अशा प्रोसेसरच्या बाबतीत अंशांपेक्षा त्या अंशांवर टिकणारा वेग पाहणे अधिक उपयोगाचे.

जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच त्याची नोंद करून ठेवावी, कारण नंतर ती मिळवण्यासाठी सगळे पुन्हा उलगडावे लागते. एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅमची, सर्व कोअरवर भार टाकणारी मल्टी-कोअर चाचणी किमान दहा मिनिटे चालवावी आणि तापमान स्थिरावल्यानंतरचे सरासरी तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे प्रत्यक्ष खर्च होणारे वॅट, सर्व कोअरचा वेग आणि खोलीचे तापमान लिहून घ्यावे. खोलीचे तापमान बहुतेक जण विसरतात. वास्तविक २६ अंशांच्या खोलीत ७१ आणि ३१ अंशांच्या खोलीत ७६ ही कूलरच्या दृष्टीने एकच कामगिरी आहे, कारण दोन्ही वेळी वाढ ४५ अंशांचीच आहे. नव्या प्रोसेसरवर हीच चाचणी त्याच कॅबिनेटमध्ये, फॅनची गती तीच ठेवून करावी. रिकाम्या अवस्थेतले तापमान तुलनेसाठी धरू नये. पडद्यावर एखादा प्रोग्रॅम उघडला तरी ते क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळू शकते.

आता खोलीच्या तापमानापेक्षा झालेल्या वाढीला वॅटने भागावे. जुना प्रोसेसर ९० वॅट घेऊन ४५ अंशांनी तापत असेल आणि नवा १२० वॅट घेऊन ६० अंशांनी, तर दोघांचेही प्रमाण प्रतिवॅट अर्धा अंशच येते. म्हणजे कूलरचे काम बिघडलेले नाही, उष्णताच वाढली आहे. हा हिशेब ढोबळ आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे: नव्या प्रोसेसरांत तीच उष्णता पूर्वीपेक्षा लहान सिलिकॉन तुकड्यातून बाहेर पडत असल्यास कूलर तोच असूनही प्रमाण थोडे वाढते. वॅटसाठी खोक्यावरच्या टीडीपीवर, म्हणजे निर्मात्याने जाहीर केलेल्या वॅटच्या आकड्यावर, विसंबू नये. १२९००केची मूळ शक्ती १२५ वॅट असली तरी टर्बोमध्ये, म्हणजे बेस वेगाहून जास्त वेगाने चालताना, ती २४१ पर्यंत जाते, आणि काही मदरबोर्ड बायॉसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधल्या) मर्यादा स्वतःहून त्याहूनही सैल ठेवतात.

जुन्या यंत्राची आठवणीतली आकडेवारीही तपासून घ्यावी. २०१७ मधील रायझन ७ १८००एक्स फॅनच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्षाहून २० अंश अधिक तापमान कळवत असे. ती तफावत वजा न करता केलेली तुलना पूर्णपणे फसते.

तापमान मर्यादेला टेकत असेल, पण वेग जाहीर केलेल्या बेस वेगाच्या वर टिकून असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तरीही फॅनचा आवाज नकोसा वाटत असल्यास बायॉसमधून वॅटची मर्यादा कमी करावी. रायझनमध्ये यासाठी इको मोड असतो आणि त्यात वेग सहसा वॅटच्या प्रमाणात घटत नाही. याउलट वॅट कमी असूनही चाचणी सुरू होताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडत असेल, तर कूलर नीट टेकलेला नाही असे समजावे. तो उतरवून पेस्टचा ठसा पाहावा, स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळावेत आणि तळावरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढली होती ना, हेही एकदा पाहावे. ती तशीच राहिल्याची उदाहरणे वाटतात तितकी दुर्मिळ नाहीत.