साताऱ्याच्या रस्त्यांवर लो-प्रोफाईल टायर किती टिकतात? या चुका टाळा

आपल्याकडे लो-प्रोफाईल, म्हणजे बुटक्या कडेचा टायर झिजून गोटा व्हायच्या आधीच बाद होताना जास्त दिसतो. पावसाळ्यात ठोसेघरला जाऊन आलं, ऐंशीच्या पुढे गाडी थरथरायला लागली, दुकानात चाक काढलं, की आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. नक्षी अजून निम्मी शिल्लक असते. म्हणून नुसतं ‘किती किलोमीटर चालेल’ एवढं विचारून भागत नाही. रोजच्या वापरासाठीच्या रबराचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जाऊ शकतात, मऊ रबराचे स्पोर्टी टायर पंचवीस-तीस हजारांतही संपतात. पण तिथवर टायर पोचतो का, हे साईडवॉलवर, म्हणजे रिम आणि नक्षी यांच्यामधल्या टायरच्या उभ्या बाजूवर ठरतं.

हिशोब सोपा आहे. १८५/६५ आर १५ म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद, साईडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंचांचा. १९५/५५ आर १६ ला ती १०७ वर येते आणि २०५/४५ आर १७ ला जेमतेम ९२. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये हे रबर चिमटलं जातं. उंची कमी तेवढा धक्का पचवायला जागा कमी. आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. त्याला दुरुस्ती नाही. पॅच मारून देतो असं कुणी म्हणालं तरी तो टायर हायवेवर नेऊ नका, स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. फुगा दिसला की रिमही फिरवून बघायला सांगा, कारण त्याच दणक्यात अलॉय वाकलेला असू शकतो.

हवेच्या बाबतीत होणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त टायर इथे खराब होतात, आणि या चुका टाळायला पैसेही लागत नाहीत.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’ हे अजूनही भरपूर लोक सांगतात. घडतं उलटं. हवा कमी असली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडल्याने तापते, आणि एप्रिलच्या दुपारी पुण्याकडे शंभरच्या वेगाने जाताना तोच टायर फुटायचा धोका वाढतो. कंपनीने दिलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. बहुतेक गाड्यांत तिथे दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. पाच जण आणि सामान घेऊन महाबळेश्वरला निघालात तर दुसरा आकडा पाळा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

हवा थंड टायरमध्ये बघायची. आनेवाडीहून येऊन लगेच पंपावर मोजलीत तर तीन-चार पीएसआय जास्तच दिसणार. ती जास्तीची हवा सोडून दिलीत, तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असेल.

लो-प्रोफाईलमध्ये आणखी एक गोची आहे. साईडवॉल कडक आणि बुटकी असल्यामुळे हवा सात-आठ पीएसआयने उतरली तरी टायर बसलेला दिसत नाही. जुन्या जाड टायरला लाथ मारून अंदाज यायचा, तो इथे येत नाही. एक साधा गेज गाडीत ठेवा आणि पंधरा दिवसांनी तरी मोजा. नायट्रोजनने बिघडत काहीच नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून मोजणं टाळू नका.

आतली कड न बघणं

शेंद्र्यापासून कागलपर्यंत हायवेच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते आणि उंच-सखल जोड वाट्याला आले आहेत. त्यात ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर समोरून आले की कार साईडपट्टीवर उतरवावी लागते. डांबराची कड तुटलेली असते, आणि परत वर चढताना ती टायरच्या आतल्या बाजूला घासते. बाहेरून टायर छान दिसत राहतो.

महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवा. रबर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे, अलाइनमेंट करून घ्या. फक्त आतली कड गेली असेल तर टो किंवा कँबर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) बिघडला आहे. दोन्ही कडा झिजून मधला भाग शिल्लक असेल तर हवा कमी चालली आहे, आणि फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर तपासा, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. मोठा दणका बसला की अलाइनमेंटचे ठरलेले किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता अलाइनमेंट करा.

नवा टायर निवडताना

नक्षीच्या खोबणीत आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, ही कायद्याची किमान मर्यादा आहे. आपल्या घाटांतला पाऊस बघता मी तीन मिलिमीटरलाच बदला असं म्हणेन. यवतेश्वरहून कासला जाताना ओल्या वळणावर तो फरक जाणवतो.

दिसायला छान म्हणून आणखी मोठी चाकं घालण्याआधी व्यासाचा हिशोब करा. बलेनोला कंपनी खालच्या मॉडेलमध्ये १८५/६५ आर १५ देते आणि वरच्या मॉडेलमध्ये १९५/५५ आर १६. दोन्हींच्या एकूण व्यासात एक मिलिमीटरचाही फरक नाही. त्याच गाडीला कुणी २०५/६० आर १६ बसवला तर व्यास पाच टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे पाचने पळत असते. तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

मापानंतरचा आकडा वजनाचा असतो, आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. १८५/६५ आर १५ साधारण ८८ चा येतो, तर २०५/४५ आर १७ चा ८४ वालाही बाजारात मिळतो. तो घेतलात तर चार टायर मिळून २४० किलोंची ताकद गेली. मूळ आकड्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. त्यापुढच्या अक्षराचंही तेच. ते वेगाची मर्यादा सांगतं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०.

माझं स्पष्ट मत असं, की रोज गाव-शिवार आणि घाट करणाऱ्याने टायर बदलताना एक पायरी खाली यावं. तुमच्याच मॉडेलला कंपनी लहान रिम देत असेल आणि ब्रेकही तेच असतील, तर १७ वरून १६ किंवा १६ वरून १५ वर या. वळणावर गाडी किंचित मऊ वाटेल, पण साईडवॉलला जागा मिळेल. ब्रेक वेगळे असतील तर आधी लहान रिम कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला) लागत नाही ना, हे बघूनच व्यवहार करा.

साईडवॉलवर ‘DOT’ (डीओटी) ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. कधीकधी ते आतल्या बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधीच वाचा. दोन वर्षं पडून असलेला माल पूर्ण भावात घेऊ नका. गाडी कमी चालत असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही असो, बदला.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पाण्यात पुढचे घसरले तर स्टेअरिंग हलकं पडून कळतं आणि वेग कमी करता येतो, मागचे घसरले तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. एका एक्सलवर दोन वेगवेगळ्या नक्षीचे टायर लावू नका. साईडवॉलवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेनेच आला पाहिजे, गाडी दुकानातून हलवण्याआधी चारी चाकांचा बाण बघा.

बिलावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी तो लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा, नव्या रबराची पकड तेवढ्यात मोकळी होते. आणि साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.