तत्त्वज्ञांच्या हाती राज्य द्यावं का? हा विषय कट्ट्यावर घ्यायचा असेल तर

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. आता तालुक्याच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी अभ्यास कट्टा चालवते. तत्त्वज्ञ राजाचा, म्हणजे तत्त्वज्ञांनीच राज्य करावं या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या मताचा, विषय मी तीनदा घेतला आहे. पहिल्या वेळी वक्तृत्व स्पर्धेसारखा घेतला, पाच मिनिटं बाजूने आणि पाच विरुद्ध. एकाने जनक राजाचा दाखला दिला, दुसऱ्याने पुस्तकी पंडितांवर तोंडसुख घेतलं. टाळ्या पडल्या आणि सगळे आले तसे घरी गेले. तत्त्वज्ञ कुणाला म्हणायचं, हेच आम्ही आधी ठरवलं नव्हतं. तुमच्या गावात हा विषय घेणार असाल तर ती चूक टाळा. चार शनिवार राखून ठेवा, मंडळी दहा-बारा असली तरी पुरे.

पहिल्या शनिवारी वादाला हातच घालू नका. प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथात राज्यकर्त्यासाठी जो अभ्यासक्रम आखला आहे, तो फळ्यावर वयानुसार लिहून काढा. लहानपणी संगीत, काव्य, व्यायाम. विसाव्या वर्षाच्या सुमारास निवड. पुढची दहा वर्षं गणित, म्हणजे अंकगणित, भूमिती, घनभूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र. तिशीत पुन्हा निवड, मग पाच वर्षं वादविवेक, म्हणजे प्रश्नोत्तरांतून सत्याच्या मुळाशी जाण्याचा अभ्यास. पस्तीस ते पन्नास या काळात लोकांमध्ये उतरून पदं सांभाळायची, युद्धात नेतृत्व करायचं, आणि तिथेही कसाला लागायचं. या सगळ्यातून टिकला तर पन्नाशीनंतर राज्य. शेजारी दुसरा रकाना करा: स्वतःचं घर नाही, सोनं-चांदी नाही, जेवण सामुदायिक पंगतीत, वेतन वर्षाच्या गरजेपुरतं. बायकाही पात्र आहेत, हे विसरू नका. प्लेटो ते स्पष्ट सांगतो.

या फळ्यासमोर मंडळींना दहा मिनिटं नुसतं बसू द्या. 'तत्त्वज्ञ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून विचार करणारा माणूस येतो. इथे तर पंधरा वर्षांची उमेदवारी लिहिलेली असते. आमच्याकडे एका गावच्या माजी सरपंच ताई येतात. त्या फळ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, माझं उलटं झालं. आधी नळाच्या तक्रारी आल्या, शहाणपण मागून आलं." त्या एका वाक्यावर आमचा अर्धा तास गेला. ज्ञान आधी की कारभार आधी, हा प्रश्न मला पुस्तकातून इतका नेमका कधी सापडला नव्हता. तुमच्या गटात ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध सोसायटी चालवलेलं कुणी असेल तर त्यांना आवर्जून बोलवा.

दुसऱ्या शनिवारी प्लेटोने राज्याला दिलेली जहाजाची उपमा घ्या. 'रिपब्लिक'च्या सहाव्या प्रकरणातला तेवढाच उतारा मोठ्याने वाचा. जहाजाचा मालक धिप्पाड, पण कानाने कमी, नजरेने अधू आणि दर्यावर्दी विद्येत कच्चा. खलाशी सुकाणूसाठी भांडतात. ज्याला तारे, वारे, ऋतू खरंच कळतात त्याला ते 'आकाशाकडे बघत बसणारा' म्हणून हिणवतात. आपला गुरू सॉक्रेटिस याला अथेन्सने इ.स.पू. ३९९मध्ये मृत्युदंड दिला, हे प्लेटोने तरुणपणी पाहिलं होतं. उपमेतली धग तिथून आली आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग विचारा: जहाज कुठे न्यायचं, हे कोण ठरवणार? एसटीचा ड्रायव्हर घाटात आपल्यापेक्षा शंभरपट शहाणा असतो, त्याच्या हातून स्टिअरिंग कुणी मागणार नाही. पण महाबळेश्वरला जायचं की पंढरपूरला, हे मी ठरवून गाडीत बसते. राज्य चालवण्यात यातलं किती ज्ञान घाटाचं आहे आणि किती निवड मुक्कामाची? प्लेटोच्या मते खरं मुक्काम-ठिकाण कोणतं, हेही ज्ञानानेच कळतं. माझ्या मते त्याचा सगळा युक्तिवाद या एका सांध्यावर उभा आहे. इथे घाई केलीत तर पुढचे दोन शनिवार वाया जातील.

तिसरा शनिवार घडलेल्या गोष्टींचा. मी सिराक्यूज घेते, कारण तिथे स्वतः प्लेटोनेच हे करून पाहिलं. सिसिली बेटावरच्या या राज्यात तो तीनदा गेला, इ.स.पू. ३८८च्या सुमारास, मग ३६७ आणि ३६१मध्ये. दुसऱ्या खेपेला तरुण डायोनिसियस गादीवर होता आणि त्याचा आप्त डिओन हा प्लेटोचा शिष्य. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की राजवाड्यात भूमितीचं वेड शिरलं आणि आकृत्या काढायच्या धुळीने महाल भरून गेला. आपल्या धूळपाटीची आठवण होते. पण काही महिन्यांतच दरबारी कारस्थानं होऊन डिओनला हद्दपार केलं गेलं. पुढे डिओनने इ.स.पू. ३५७मध्ये फौजेनिशी येऊन शहर घेतलं. प्लेटोच्या अकादमीत, म्हणजे त्याच्या विद्यापीठात, शिकलेला हा माणूस सत्तेत आला, आणि त्याच्या संमतीने त्याचा प्रतिस्पर्धी हेराक्लिडीस मारला गेला. ३५४मध्ये अथेन्सहून त्याच्याबरोबर आलेल्या कॅलिपसने डिओनचाच खून घडवला. ही हकीकत सलग सांगा, मध्ये टिप्पणी करू नका. ऐकणारे स्वतःच प्रश्न विचारतात.

कुणीतरी मार्कस ऑरेलियसचं नाव काढेलच. काढू द्या. तो १६१ ते १८० रोमचा सम्राट होता, डॅन्यूबकडच्या मोहिमांतसुद्धा स्वतःला बजावण्यासाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहीत होता, आणि माणूस म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. फक्त एक विचारा: त्याच्यानंतर कोण? मुलगा कॉमोडस. त्याच्या जुलमी कारभाराचा शेवट १९२मध्ये खुनाने झाला. बाप स्टोइक, म्हणजे संयम आणि कर्तव्य शिकवणाऱ्या ग्रीक तत्त्वपंथाचा, होता म्हणून साम्राज्याला मुलापासून संरक्षण मिळालं नाही. विसाव्या शतकातलं उदाहरण हवं असेल तर टोमास मासारिक घ्या. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक १९१८ ते १९३५ चेकोस्लोव्हाकियाचा अध्यक्ष होता, पण संसद आणि राज्यघटनेच्या चौकटीत. ती चौकट कागदावर वेगळी लिहून ठेवा, चौथ्या शनिवारी लागेल.

त्या दिवशी आधी प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल. तो म्हणतो, अनेकांनी आपापलं आणून केलेली मेजवानी एकाच्या खर्चाच्या जेवणापेक्षा सरस ठरू शकते, आणि जेवण कसं झालंय हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा चांगलं सांगतो. अंगत-पंगत जेवलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण. राज्यघटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असले तर ती वाईटच ठरेल, असं ते सांगतात. म्हणजे माणसाच्या गुणांचं मोल ते कमी करत नाहीत. त्याच भाषणात ते राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असंही बजावतात. दोन्ही भाग वाचा. एकच वाचणारे पुष्कळ भेटतात.

शेवटी कोरे कागद वाटा. 'राज्य कोणी करावं?' हा प्रश्न त्यावर नको. 'तुमच्या मनातला सर्वांत शहाणा माणूस गादीवर बसला आणि पाच वर्षांनी बिघडला, तर त्याला रक्त न सांडता कसं उतरवाल?' एवढंच विचारा, नावं लिहू नका म्हणा. वीस मिनिटं द्या, कमी पडतात. मागच्या वेळी अकरापैकी चार कागद कोरे आले. मी ते चौघांचे कागद तसेच जपून ठेवले आणि पुढच्या महिन्यात प्लेटोचं उतारवयातलं 'लॉज' (म्हणजे 'कायदे') हे पुस्तक वाचायला घेतलं, कारण त्यात तो राज्यकर्त्यांना कायद्याचे सेवक म्हणतो.