पंपगृहाच्या सुट्या भागांची खरेदी: नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

पाणीपुरवठा शाखेत रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत सुट्या भागांच्या खरेदीची नस्ती टेबलावर येते. निविदेचे नियम लेखा शाखेतलं कुणीही समजावून सांगेल. वस्तूचं वर्णन मात्र तुम्हालाच लिहावं लागतं, आणि खरेदी फसते ती बहुतेक वेळा तिथंच.

बेअरिंगचंच उदाहरण घ्या. मागणीपत्रात 'बेअरिंग 6312' एवढंच लिहिलं, तर सर्वांत कमी दराचा पुरवठादार साधं 6312 देईल आणि ते तुम्हाला नाकारता येणार नाही. मोटारीत असतं 6312 सी 3. आतला व्यास 60, बाहेरचा 130, रुंदी 31 मिमी. दोन्हींची मापं तीच, फरक आतल्या मोकळीकीचा; सी 3 मध्ये ती जास्त असते. मे महिन्यात पंपगृह तापलेलं, मोटार दिवसरात्र चालू. आतली कडी फुगते, कमी मोकळीक असलेलं बेअरिंग आवळतं आणि जळतं. म्हणून जुनं बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन कडीवर कोरलेला पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, जसाच्या तसा उतरवून घ्या.

इम्पेलरची, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या चाकाची, चूक याहून महागात पडते. पंपाच्या पाटीवरचं मॉडेल पाहून मागणी केली की कारखाना पूर्ण व्यासाचा इम्पेलर पाठवतो. तुमच्या पंपाचा इम्पेलर मात्र उभारणीच्या वेळीच हेडनुसार (पाणी किती उंच चढवायचं त्यानुसार) कातून कमी केलेला असू शकतो. समजा 380 मिमीच्या जागी 400 मिमीचा आला. व्यास वाढला जेमतेम 5 टक्के, पण वीजभार साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 16 टक्क्यांच्या आसपास. मोटार ओव्हरलोडवर ट्रिप होते आणि दोष मोटारीला दिला जातो. एकाच पंपगृहातल्या, एकाच मॉडेलच्या दोन पंपांचे व्यासही वेगळे निघतात. तेव्हा प्रत्यक्ष मोजलेला व्यास, धातू, फिरण्याची दिशा आणि पंपाचा अनुक्रमांक हे चारही लिहा.

ग्लँड डोरी, म्हणजे दांड्याभोवतून पाणी गळू नये म्हणून भरायची डोरी, 'नगा'वर मागू नका, ती किलोवर मिळते. माप काढणं सोपं आहे: स्टफिंग बॉक्सचा (डोरी बसते त्या खोबणीचा) आतला व्यास 100 आणि स्लीव्हचा (दांड्यावरच्या नळीचा) बाहेरचा व्यास 76 मिमी असेल, तर फरक 24, त्याचं निम्मं 12 मिमी. एका कडीला साधारण 28 सेंमी डोरी लागते. स्प्लिट केसिंग (दोन भागांत उघडणाऱ्या कवचाच्या) पंपाला दोन ग्लँड असतात. प्रत्येकी पाच कड्या धरल्या तर एका भरणीला 2.8 मीटर. वर्षातल्या भरण्यांनी गुणा आणि मगच वजन काढा.

वेळेचं गणित हवामानावर बसवा. गोदावरीला पहिला पूर आला की गढूळ पाण्यातल्या रेतीने वेअर रिंग (इम्पेलर आणि कवच यांच्यामधली झिजण्यासाठीच बसवलेली कडी) आणि स्लीव्ह झिजतात. उन्हाळ्यात नाथसागर किंवा मांजरा धरणाची पातळी उतरली की सक्शनला, म्हणजे पंपाच्या ओढीच्या बाजूला, पाणी अपुरं पडतं आणि कॅव्हिटेशनने (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याने) इम्पेलरला खड्डे पडतात. पाऊस ओसरला की पंप उघडून मापं घ्या आणि दसऱ्याच्या सुमारास मागणीपत्र द्या. मान्यता, निविदेची मुदत, छाननी, ओतकाम यांत चार-पाच महिने सहज जातात. फेब्रुवारीत सुरुवात केली तर माल पावसाळ्यात येतो, आणि मार्चअखेरीला निधी परत जातो तो वेगळाच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या उन्हाळ्यात एका स्लीव्हपायी पंप बंद ठेवणं म्हणजे लोकांचं पाणी तोडणं.

लेखापरीक्षणात दोन गोष्टी हमखास निघतात. एक, निविदेविना खरेदीच्या मर्यादेत बसवायला खरेदीचे तुकडे पाडणं; वर्षभराची गरज एकत्रच काढा. दुसरी, मूळ उत्पादकाकडूनच घ्यायचं असताना तसं कारणासह प्रमाणपत्र नस्तीत नसणं. वेअर रिंग किंवा स्लीव्ह वाळूज, चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये नमुन्यावरून उत्तम बनते. तिला 'एकमेव उत्पादक' लावलं तर आक्षेप येणारच, आणि तो योग्यही आहे.

दर 'जीएसटीसह, गोदामापर्यंत पोहोच' असाच मागवा. हे शब्द सुटले की पुरवठादार पेटी छत्रपती संभाजीनगरच्या ट्रान्सपोर्टमध्ये टाकतो आणि अंबाजोगाईहून टेम्पो तुम्हाला पाठवावा लागतो.

माल आला की भांडारपालाच्या सहीआधी व्हर्निअर घेऊन स्वतः उभे राहा. जेम (सरकारी ऑनलाइन खरेदी) पोर्टलवरून घेतलं असेल तर स्वीकृती प्रमाणपत्राला 10 दिवस मिळतात. तपासणी त्याच्या आत संपवा, नाहीतर चुकीचा माल स्वीकारल्यासारखं होतं. नवा भाग जुन्याशेजारी ठेवून माप जुळवा, पण जुना जिथं झिजला आहे तिथलं माप धरू नका. नवा इम्पेलर बसवून, मोटारीचे अँपिअर पाटीशी ताडून पाहिल्याशिवाय जुना भंगारात काढू नका. कपलिंगचे रबर आणि ओ-रिंग पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्यास न वापरताच कडक होतात. त्यांना सावलीतलं कपाट द्या आणि पाकिटावर आल्याची तारीख लिहा.