तुमचं ग्लायकोप्रोटीन नक्की पोचलंय कुठं? एन्डो एच लावून बघायची पद्धत

आमच्या लॅबमधल्या एका एमएस्सीच्या पोरीनं परवा तिच्या ग्लायकोप्रोटीनचा (साखरेच्या साखळ्या लागलेल्या प्रोटीनचा) ब्लॉट दाखवला, म्हणजे प्रोटीनं जेलमधनं पळवायची, हलकं ते खाली जातं, आणि अँटीबॉडीनं आपल्या प्रोटीनची पट्टी, म्हणजे बँड, बघायचा. दोन बँड आलेत म्हणे, सॅम्पल खराब झालं काय? म्हटलं बाई, खराब कुठलं, तुझं प्रोटीन अर्धं अजून रस्त्यात हाय आणि अर्धं पुढं गेलंय, एवढंच. तेव्हाच ठरवलं की हे एकदा मराठीत नीट लिहून टाकायचं, कारण एन्डो एच या साखर कापणाऱ्या एन्झाइमच्या किटच्या कागदावर पद्धत असते पण बँड वाचायचा कसा ते कोणी सांगत नाही.

आधी थोडकं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. व्हायरसच्या वरच्या आवरणावरची प्रोटीनं, म्हणजे फ्लूचं एचए, कोरोनाचं स्पाइक, एचआयव्हीचं जीपी१६०, ही सगळी आपल्याच पेशीच्या ईआरमध्ये (प्रोटीन बनवून घडी घालायची जागा) बनतात. व्हायरसकडं स्वतःचा कारखाना नाही, सगळं आपलंच वापरतो. प्रोटीन ईआरमध्ये शिरतानाच अ‍ॅस्परजिन, मग कुठलंही एक अमिनो आम्ल (प्रोलीन सोडून), मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम दिसला की त्या अ‍ॅस्परजिनवर १४ साखरांची तयार साखळी एका झटक्यात बसवली जाते. २ एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोजअमाइन, ९ मॅनोज, ३ ग्लुकोज. मग ग्लुकोज कापले जातात, कॅलनेक्झिन नावाचं मदतनीस प्रोटीन घडी बसवायला हात लावतं, बसली नसेल तर दुसरं एक एन्झाइम परत एक ग्लुकोज चिकटवून पुन्हा रांगेत उभं करतं. घडी बसली की गाडी गॉल्जीकडं (प्रोटीन सजवून पुढं पाठवणारा पेशीचा भाग) निघते, तिथं मॅनोज छाटून नवीन साखरा लागतात, सगळ्यात शेवटी सियालिक अ‍ॅसिड.

आता एन्डो एच हे एन्झाइम फक्त मॅनोजवाली साधी साखळी ओळखतं. गॉल्जीच्या मधल्या भागात मॅनोसिडेज २ नं शेवटचे दोन मॅनोज काढले की एन्डो एचला ती साखळी कापता येत नाही. पीएनजीएज एफ हे दुसरं एन्झाइम मात्र साधी असो की सजवलेली, आपल्या पेशींतल्या जवळजवळ सगळ्या एन-साखळ्या मुळापासून उडवतं. खेळ एवढाच हाय.

आपल्या भाषेत सांगायचं तर पुण्याहून कोल्हापूरला गाडी निघाली. पुणे म्हणजे ईआर, तासवडे टोल म्हणजे गॉल्जीचा मधला भाग, किणी टोल म्हणजे गॉल्जीचं शेवटचं टोक, आणि सीबीएस स्टँड म्हणजे पेशीचा पृष्ठभाग. एन्डो एचनं बँड खाली नाही आला म्हणजे तासवड्याचा फास्टॅगचा मेसेज आला. गाडी स्टँडवर पोचली असं त्यातनं कळत नाही! निम्मी पोरं इथंच चुकतात आणि प्रेझेंटेशनमध्ये "सरफेसवर पोचलं" लिहून मोकळी होतात.

बरं, करायचं कसं. खरा व्हायरस वाढवायची काही गरज नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये तर नकोच. व्हीएसव्हीचं (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरसचं) जी प्रोटीन घ्या, लेंटिव्हायरस बनवणाऱ्या लोकांकडं पीएमडी२.जी नावाचा प्लाझ्मिड (त्याचा जीन असलेला गोल डीएनए) पडलेला असतो, मागून आणा. हा व्हीएसव्ही म्हणजे आपल्या चांदीपुराचा भाऊबंद, तोच चांदीपुरा जो १९६५ मध्ये नागपूरजवळच्या गावातल्या पेशंटमध्ये सापडला आणि गावाचं नाव घेऊन जगभर गेला. जी प्रोटीन शिकायला बेस्ट कारण साखळीच्या जागा फक्त २, आणि फ्युरिन (प्रोटीन कापणारं पेशीतलं एन्झाइम) वगैरे कोणी त्याचे तुकडे करत नाही, त्यामुळं बँड हलला तर तो साखरेमुळंच.

एचईके २९३टी पेशींत (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी) प्लाझ्मिड घाला, २४ तासांनी बर्फावर थंड पीबीएसनं धुवा, १ टक्का ट्रायटनच्या (डिटर्जंटच्या) बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं) घालून पेशी फोडा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा आणि वरचं पाणी घ्या. आता महत्त्वाचं, तीन ट्यूब वेगवेगळ्या उकळू नका. एकाच ट्यूबमध्ये घडी उलगडायला ०.५ टक्के एसडीएस (कडक डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटी घालून १०० डिग्रीला १० मिनिटं ठेवा, गार झाल्यावर तीन सारखे भाग करा. पहिल्यात एन्झाइम नाही, दुसऱ्यात एन्डो एच, तिसऱ्यात पीएनजीएज एफ. एन्डो एचला थोडा आम्लधर्मी बफर लागतो, पीएनजीएजला पीएच ७.५ चा, आणि पीएनजीएजच्या ट्यूबमध्ये १ टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घालायचं विसरायचं नाही कारण एसडीएस त्याला मारून टाकतं, एनपी-४० असलं की वाचतं. पहिल्या ट्यूबला पण बफर आणि ३७ डिग्री द्यायचीच, फ्रीजमध्ये ठेवून दिली तर तो कंट्रोल नव्हे. तिन्ही ३७ ला १ तास. मध्येच लाईट गेली तर घाबरू नका, थोडा वेळ जास्त ठेवा, काही बिघडत नाही.

मग ८ टक्के जेल. एका साखळीमागं साधारण २ ते ३ किलोडाल्टनचाच फरक पडतो, जी प्रोटीन ६५ च्या आसपास, म्हणजे फरक लै बारीक. घाईनं जेल थांबवलं तर तिन्ही लेन सारख्याच दिसणार, खालचे छोटे मार्कर बाहेर गेले तरी चालतील पण जेल लांब पळवा. जीएफपी जोडलेलं जी घेतलं तर २७ किलोडाल्टन वजन वाढतं आणि तो बारीक फरक अजूनच लपतो. अँटीबॉडी व्हीएसव्ही-जी टॅगचीच चालते, ती शेपटीचा शेवट धरते, साखरेशी तिचा संबंध नाही. दुसऱ्या कुठल्या प्रोटीनवर काम करत असाल तर हे आधी तपासा, साखर धरणारी अँटीबॉडी असेल तर कापल्यावर सिग्नलच गायब होतो आणि माणूस म्हणतो प्रोटीन तुटलं.

वाचायचं असं. पीएनजीएजची लेन म्हणजे मोजपट्टी, सगळी साखर गेल्यावर बँड कुठं येतो ते तिच्यावरून कळतं. ती हलली नाही तर बाकीचं वाचूच नका. एन्डो एचची लेन तिच्याजवळ आली तर प्रोटीन बहुतेक तासवड्याच्या अलीकडंच, पहिल्या लेनजवळ राहिली तर तासवडे पार, दोन बँड आले तर काही इकडं काही तिकडं, आणि दोघांचं प्रमाण मोजता येतं. मधलाच तिसरा बँड आला तर एन्झाइम किंवा वेळ वाढवून बघा, नाहीसा झाला तर अर्धवट कापणं होतं, तसाच राहिला तर एका प्रोटीनवरची एक साखळी बदललीय आणि एक नाही.

पण एक गोची हाय. एन्डो एचनं कापलं म्हणजे प्रोटीन ईआरमध्येच अडकलं असंही म्हणता येत नाही. एचआयव्हीच्या जीपी१२० वर (जीपी१६० कापल्यावरचा बाहेरचा तुकडा) साखळ्यांची एवढी गर्दी असते की काहींपर्यंत गॉल्जीच्या एन्झाइमचा हातच पोचत नाही, त्या मॅनोजवाल्याच राहतात आणि तशाच व्हायरसवर बसून बाहेर पडतात. फास्टॅग सीटखाली दडवला तर टोलवर वाचला जाणार नाही, पण गाडी तर गेलीच की.

दुसरी गोची मी स्वतः खाल्लीय. ईआरमध्ये अडवायचा कंट्रोल म्हणून ब्रेफेल्डिन ए टाकलं, वाटलं सगळं एन्डो एचनं कापलं जाणार, तर उलटंच, बरंचसं कापलंच जाईना. आठवडाभर औषध एक्स्पायर झालंय म्हणून बाटलीला शिव्या घातल्या. खरं कारण, ब्रेफेल्डिननं गॉल्जी कोसळते आणि तिची एन्झाइमं ईआरमध्ये येऊन मिसळतात, म्हणजे गाडी पुण्यातच आणि टोलनाकाच उठून पुण्यात आला! अडवायचंच असेल तर ts (तापमान वाढलं की बिघडणारा) नावाचा जुना जुगाड लै भारी, म्हणजे टीएस०४५ हा जी प्रोटीनचा म्युटंट, ४० डिग्रीला घडी बसत नाही म्हणून ईआरमध्ये राहतो, ३२ ला आणला की सगळा एकदम सुटतो. सोडताना सायक्लोहेक्झिमाइड घाला म्हणजे नवीन प्रोटीन बनणार नाही, आणि ०, १५, ३०, ६० मिनिटांना सॅम्पल घ्या. खालचा बँड पुसट होत वरचा गडद होत जातो.

किणीचा टोल बघायचा असेल तर फ्युरिन. ते गॉल्जीच्या शेवटच्या टोकाला कापतं, डेंग्यूचं पीआरएम प्रोटीन, जीपी१६०, स्पाइक, आणि बर्ड फ्लूच्या घातक एच५ जातींचं एचए. साध्या फ्लूचं एचए फ्युरिन कापत नाही, त्याला ट्रिप्सिनसारखा दुसरा प्रोटिएज लागतो, म्हणून तुकडे दिसले नाहीत तर लगेच अडकलं म्हणू नका. आणि सीबीएसला पोचलं का हे बघायला अख्ख्या पेशींना वरून बायोटिन (चिकटवून ओढायची खूण) लावायचं, मग पेशी फोडून बायोटिन लागलेलंच प्रोटीन ओढायचं, एन्डो एचवरून ते कळत नाही. तेच ओढलेलं सॅम्पल परत तीन ट्यूबमध्ये वाटून एन्डो एच लावलं तर पृष्ठभागावर आलेल्यातलं किती मॅनोजवालं राहिलंय तेही त्याच जेलवर दिसतं.