स्पेनच्या ग्रानादा प्रांतात फिरायचं, तर निघण्यापूर्वी

आधी ग्रानादा शहरातल्या अलहाम्ब्रा या मुस्लिम राजवटीतल्या किल्ला-महालांचं तिकीट बघा, मग विमानाचं. अधिकृत संकेतस्थळावर त्यातल्या नासरी घराण्याच्या महालांची मोकळी वेळ सापडली की हॉटेल आणि रेल्वे तिच्याभोवती बसवता येतात. उलटं केलं तर गावात पोचूनही महाल बाहेरूनच बघावे लागतात. ‘जनरल’ तिकीटच घ्या. त्यात महाल, अल्कासाबा किल्ला आणि खेनेरालिफेच्या बागा तिन्ही येतात. फक्त बागांचं तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण त्यावर महालांत सोडत नाहीत. नाव आणि पासपोर्ट क्रमांक हुबेहूब भरा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तो नवा करून मगच आरक्षण करा, कारण आत तोच दाखवावा लागतो. तिकिटावरची वेळ महालांच्या दाराची असते, तिकीटघरापासचं फाटक ओलांडण्याची नव्हे. तिथून महालांपर्यंत 15 ते 20 मिनिटं चाल आहे आणि मिळालेला अर्धा तास उलटला की प्रवेश बंद. पाठीवरची पिशवी 40 सेंटिमीटरपेक्षा मोठी नको.

शहरासाठी दोन दिवस पुरतात. अलहाम्ब्रासमोरच्या आल्बाइसिन या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या दगडगोट्यांच्या, चढाच्या आणि गुळगुळीत झालेल्या, तेव्हा चांगल्या पकडीच्या रबरी तळाचे बूट घ्या. तिथं परवान्याशिवाय गाडी नेऊ नका. कॅमेरे टिपतात आणि दंड मागाहून येतो.

गाडी घ्यायची ती शहर सोडताना, डोंगरासाठी. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं हवं. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधीच नोंदवा. पंपावर ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. या सारख्या वाटणाऱ्या नावांनी घोटाळा होतो. डोंगरातल्या कापिलेइरा गावापर्यंत साधारण 75 किलोमीटर, दीड तास. शेवटचा टप्पा वळणावळणाचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. वर जाण्यापूर्वी वाटेतल्या ओर्खिवा गावात टाकी भरा.

आल्पुहारा नावाच्या या डोंगराळ भागाला निदान दोन मुक्काम द्याच. पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही पोकेइरा दरीतली गावं नीट बघण्यासारखी आहेत: चेस्टनटच्या तुळया, वर दगडी फरश्या, त्यावर ‘लाउना’ नावाची करडी चिकणमाती. खानदेश-मराठवाड्यातलं धाबं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही सपाट छपरं लगेच कळतील. बाजूनं वाहणारे पाट मुस्लिम राजवटीच्या काळापासूनचे आहेत आणि आजही शेतं भिजवतात. त्यांच्या कडेनं चालण्यात फार सुख आहे. मुलासेन शिखर (3,479 मीटर) गाठायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर बरा. जूनपर्यंत वर बर्फ असू शकतं आणि वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना फाटक असतं.

ग्वादिक्स गावातली गुहाघरं बघायची असतील तर उन्हाळ्यातही हलकं स्वेटर ठेवा. आत बारमाही 18 अंशांच्या आसपास असतं.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून थांबू नये. ‘कार्ने’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर हॅम किंवा ट्युना येतच नाही, म्हणून ‘सिन खामोन, सिन आतुन’ हेही जोडा. वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात, ते जरूर मागवा. दुपारचं जेवण दीडनंतर, रात्रीचं साडेआठनंतर. मुलं बरोबर असतील तर मधल्या वेळेसाठी खाऊ हाताशी ठेवा. हिवाळ्यात गेलात तर आल्मुन्येकारच्या किनाऱ्यावर चेरिमोया मिळतं, सीताफळाचंच भावंड. दाबून जरासं मऊ लागेल तेच घ्या.