मित्रमंडळींसाठी आयरिश जेवणाचा बेत कसा आखावा

१७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे आयर्लंडच्या संरक्षक संताचा सण, जवळ आला की हिरव्या टोप्या, हिरवे फुगे आणि खायचा हिरवा रंग यांची खरेदी सुरू होते. आयरिश जेवणाला यातलं काहीच लागत नाही. लागतं ते चांगलं लोणी, पिठूळ बटाटा, कोबी आणि ओव्हनमधून नुकताच निघालेला ब्रेड. पैसे आणि मेहनत तिथेच खर्च करा. खालची मापं आठ जणांसाठी आहेत.

दिवस ठरवा, पाहुण्यांना विचारा

आयर्लंडमध्ये १९०३ पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. हा सण ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात येतो आणि त्या एका दिवशी उपवास सैल व्हायचा, म्हणून पोटभर जेवणाचं एवढं महत्त्व. आपल्याकडे सुट्टी नसते, तेव्हा जवळचा रविवार धरा. त्याच दिवशी होळी किंवा गुढीपाडवा येत नाही ना, तेवढं कॅलेंडरमध्ये बघून घ्या. जेवण दुपारीच ठेवा. तिकडच्या खेड्यांत मुख्य जेवण पिढ्यानपिढ्या दुपारचंच असे.

आठवडाभर आधी प्रत्येकाला विचारून घ्या: मटण चालतं का, अंडं चालतं का, दारू चालते का. कुणी जैन असेल तर आवर्जून विचारा, कारण या जेवणात कांदा-बटाटा जवळजवळ सगळीकडे आहे.

मेनू मोजका ठेवा

मटणाचा स्ट्यू, कोलकॅनन (कोबी घालून मॅश केलेला बटाटा), सोडा ब्रेड, शाकाहारी मंडळींसाठी सूप आणि शेवटी सफरचंद. एवढं पुरे. कॉर्न्ड बीफ आणि कोबी शोधत बसू नका. तो पदार्थ अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांचा. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. न्यूयॉर्कमध्ये त्यांना ज्यू खाटकांकडे खारवलेलं गोमांस मिळालं आणि तेच सणाचं जेवण झालं. खुद्द आयर्लंडमध्ये कोबीबरोबर डुकराचं खारवलेलं मांस शिजवतात. हा इतिहास माहीत असला की बटाट्यावरून आयरिश माणसाची थट्टा करावीशी वाटत नाही, आणि आयरिश लोककथांमधल्या लाल दाढीच्या बुटक्याची, लेप्रेकॉनची, सजावटही नकोशी होते.

स्ट्यू सकाळी दहाला चढवा

दीड किलो हाडासकट मटण, दीड किलो बटाटे, अर्धा किलो कांदे, थाइम, पार्स्ली, मीठ, मिरी. बस. हळद, आलं-लसूण, गरम मसाला यांचा मोह टाळा. या स्ट्यूची सगळी चव मटणाच्या रसाची असते. गाजर घालावं की नाही यावर तिकडे वाद होतात. मी घालत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात तळाला अर्ध्या बटाट्यांच्या पातळ चकत्या पसरा, वर मटण आणि कांदा, सगळ्यात वर उरलेल्या बटाट्यांच्या मोठ्या फोडी. जेमतेम बुडेल एवढं पाणी घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर दोन तास सोडा. तळच्या चकत्या विरघळून रस दाट होतो, वरच्या फोडी वाफेवर अख्ख्या राहतात. बोकडाचं मटण चिवट वाटलं तर आधी ते कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या देऊन घ्या आणि तेच पाणी वापरा. मग तासाभरात काम होतं.

शाकाहारींचं सूप याच वेळात होतं: लीक किंवा पातीच्या कांद्याचा पांढरा भाग लोण्यात मऊ करायचा, बटाटे आणि पाणी घालून शिजवायचं, घुसळून थोडं दूध घालायचं.

सोडा ब्रेड

आयर्लंडचा गहू मऊ, त्यात चिकटपणा कमी, त्यामुळे यीस्टचा ब्रेड त्याचा नीट फुगत नसे. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा आला आणि लोणी काढून उरलेल्या ताकाशी त्याचं छान जमलं. आपल्या घरात हे सगळं आहेच.

२२५ ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम कणीक, सपाट चमचाभर सोडा, तेवढंच मीठ. ३०० ग्रॅम आंबट दह्यात थोडं पाणी घालून दाट ताक घुसळा. ताक आंबटच हवं, गोड ताकाने सोडा उठत नाही. खळगा करून ताक ओता आणि हाताची बोटं ताठ ठेवून गोल फिरवा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. पीठ एकत्र आलं की थांबा, खडबडीत दिसलं तरी चालेल. गोल करा, वर सुरीने खोल फुली मारा आणि लगेच २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. पंधरा मिनिटांनी आच २०० वर आणून आणखी अर्धा तास. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे झाला.

ओव्हन नसेल तर तवा घ्या. उत्तर आयर्लंडमध्ये हेच पीठ दोनेक सेंटिमीटर जाड थापून, चार तुकडे करून तव्यावर मंद भाजतात.

कोलकॅनन सगळ्यात शेवटी

दीड किलो बटाटे सालीसकट उकडा. नवा, पातळ सालीचा बटाटा घेऊ नका, तो चिकट होतो. साल गरम असतानाच काढा आणि हाताने मॅश करा. मिक्सरमध्ये त्याची खळ होते. पाव लिटर कढत दुधात पातीचा कांदा टाकून ते दूध बटाट्यात मिसळा, मग बारीक चिरून वाफवलेला अर्धा किलो कोबी, मीठ, मिरी. वाढताना प्रत्येकाच्या ताटात ढीग करून मध्ये चमच्याने खड्डा पाडा आणि त्यात खारट लोण्याचा मोठा तुकडा ठेवा. लोणी वितळून पिवळं तळं होतं. प्रत्येक घास कडेने काढून त्यात बुडवून खायचा. लोण्यात हात आखडू नका. एकोणिसाव्या शतकात कॉर्क शहरातला लोण्याचा बाजार जगातला सगळ्यात मोठा होता.

वेळ आणि टेबल

एक वाजता जेवायचं तर पावणेबाराला ब्रेड ओव्हनमध्ये गेला पाहिजे आणि साडेबाराला कोलकॅनन हातात हवं. सफरचंद, साखर आणि लवंगेची पूड घातलेला क्रम्बल (वर लोणी-पिठाचा चुरा भाजलेला गोड पदार्थ) आदल्या दिवशी करून ठेवा, किंवा एखाद्या मैत्रिणीला आणायला सांगा. टिन व्हिसल (पत्र्याची बासरी) आणि फिडलचं (व्हायोलिनचं) संगीत हळू आवाजात लावा. ग्लास उचलताना ‘स्लॉन्चा’ (आयरिश भाषेत ‘आरोग्य’) म्हणायचं, ग्लासात स्टाउट ही काळी बिअर असो की कोकम सरबत. गप्पांना एक धागा घरचाही आहे: २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

जेवणानंतर कडक, दुधाचा चहा करा. दरडोई चहा पिण्यात आयर्लंड जगात अगदी वरच्या रांगेत आहे. आसामची चहापत्ती उत्तम चालते. उरलेल्या कोलकॅननच्या टिक्क्या दुसऱ्या दिवशी लोण्यात खरपूस परता. ब्रेड मात्र तोवर कोरडा पडतो, तेव्हा त्याच्या चकत्या टोस्ट करूनच खा.