नॅनोउत्प्रेरकाचा ईपीआर वर्णपट कसा घ्यावा आणि कसा वाचावा

ईपीआर, म्हणजेच इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, या पद्धतीला केवळ अयुग्मित इलेक्ट्रॉन दिसतात. टायटॅनियम डायऑक्साइडमधील चार धनभाराचे टायटॅनियम आयन तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा असतात. एक इलेक्ट्रॉन पकडून तीन धनभारावर आलेले तेवढे नजरेत येतात. म्हणून स्थिर दोष तपासायचे आहेत की अभिक्रियेत क्षणभर निर्माण होणारे मूलक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले रेणू किंवा अणुगट) पकडायचे आहेत, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींची तयारी वेगळी असते.

दोषांसाठी कोरडी पूड सुमारे 4 मिलिमीटर बाह्य व्यासाच्या क्वार्ट्झ नळीत भरावी आणि तिचे वजन नोंदवावे. साधी काच टाळावी, कारण तिच्यातील लोहाचा संकेत g = 4.3 च्या आसपास उमटतो (g म्हणजे वारंवारिता आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून काढलेला, संकेताचे स्थान सांगणारा अंक). नेहमीच्या एक्स-बँड उपकरणात सूक्ष्मलहरींची वारंवारिता सुमारे 9.5 गिगाहर्ट्झ असते आणि g = 2 चा संकेत साधारण 340 मिलिटेस्लाला मिळतो. चुंबकीय क्षेत्राच्या मॉड्युलेशनचा, म्हणजे त्यात मुद्दाम दिलेल्या छोट्या वेगवान चढउताराचा, विस्तार सर्वांत अरुंद रेषेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी ठेवावा, नाहीतर रेषा फुगते. सूक्ष्मलहरींची शक्ती वाढवत नेताना संकेताची उंची शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढेनाशी झाली की संपृक्तता सुरू झाली असे समजावे. द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विन तापमानाला ती लवकर येते. त्याच स्थितीत रिकाम्या नळीचाही वर्णपट घ्यावा.

खरी कसोटी अर्थ लावताना लागते. g = 2.003 ची रेषा दिसताच तिला ‘ऑक्सिजन रिक्तता’ (स्फटिकात ऑक्सिजनची रिकामी राहिलेली जागा) म्हणून मोकळे होण्याची सवय बरीच रूढ आहे, आणि ती मला घाईची वाटते, कारण संश्लेषणातून उरलेल्या कार्बनी अवशेषांची रेषाही जवळपास तिथेच येते. संकेत पृष्ठभागावरचा आहे की आतला, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे: नळी निर्वात करून वर्णपट घ्यावा, मग थोडा ऑक्सिजन सोडून पुन्हा घ्यावा. पृष्ठभागावरील केंद्रांची रेषा रुंदावते आणि ऑक्सिजन काढून घेतल्यावर पूर्ववत होते. आतल्या केंद्रांवर सहसा फरक पडत नाही. मात्र केंद्राने आपला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकला, तर मूळ रेषा लोप पावून सुपरऑक्साइडचा (एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या ऑक्सिजन रेणूचा) नवा संकेत उभा राहतो. सहा रेषांचा सारख्या अंतराचा संच मात्र बहुधा मँगनीजचा असतो, मग ते अशुद्धी म्हणून आलेले का असेना.

अल्पजीवी मूलकांसाठी डीएमपीओसारखा स्पिन ट्रॅप वापरतात, म्हणजे मूलकाला जोडून घेऊन अधिक टिकाऊ, ईपीआरला दिसणारे संयुग बनवणारा पदार्थ. पाणी सूक्ष्मलहरी शोषते, म्हणून द्रावण केशनलिकेत किंवा चपट्या सेलमध्ये घ्यावे. हायड्रॉक्सिल मूलकाच्या संयुगाला 1:2:2:1 उंचीच्या प्रमाणातल्या चार रेषा मिळतात, त्यांच्यातील अंतर सुमारे 1.5 मिलिटेस्ला असते. परंतु या चार रेषा म्हणजे हायड्रॉक्सिलचा पुरावा नव्हे: सुपरऑक्साइडचे संयुग पाण्यात फार टिकत नाही आणि विघटनातून तेच चार रेषांचे संयुग देऊ शकते, तसेच काही धातू आयन डीएमपीओवर थेट पाणी जोडण्यास कारणीभूत होतात. म्हणून एका नमुन्यात भरपूर इथेनॉल मिसळावे. हायड्रॉक्सिल खरोखर असेल तर चार रेषा मंदावून हायड्रॉक्सीइथाइल मूलकाच्या संयुगाच्या सहा रेषा पुढे येतात. सुपरऑक्साइड शोधायचा असल्यास पाण्याऐवजी डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा मिथेनॉल हे द्रावक बरे. उत्प्रेरकाविना, ट्रॅपविना आणि प्रकाश-उत्प्रेरकाच्या बाबतीत अंधारात, असे नियंत्रण नमुने प्रत्येक वेळी घ्यावेत. डीएमपीओत स्वतःच्याही अशुद्धी असतात.

अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या काढायची असल्यास वर्णपटाचे दुहेरी समाकलन करून ज्ञात प्रमाणकाशी तुलना करावी, तीही त्याच नळीत, त्याच उंचीपर्यंत भरून आणि त्याच तापमानाला. पूड वाहक असेल तर कॅव्हिटीचा (नमुना ठेवण्याच्या सूक्ष्मलहरी-पोकळीचा) गुणवत्ता-गुणांक Q घसरतो, तेव्हा तो प्रत्येक नमुन्यासाठी नोंदवावा किंवा पूड विद्युतरोधक पदार्थात मिसळून विरळ करावी.